टिचकी

माझ्या पहिल्या रहस्यकथेत खून नव्हता. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तो याच तक्रारीसाठी. "ताई, सगळं छान जमलंय, पण प्रेत कुठंय?" मी म्हटलं, प्रेत नाहीये, ताळेबंद आहे. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते अगदी मायेनं म्हणाले, "ताळेबंदाला कोण घाबरतं हो?"

त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या पिढीनं रहस्यकथा वाचल्या त्या पेठेतल्या वाचनालयातून आणून, खाकी पुठ्ठा घातलेल्या आणि बऱ्याचदा शेवटची दोन पानं गायब असलेल्या. त्यात जुना वाडा असायचा, वारस असायचे, दुधाच्या पेल्यात काहीतरी मिसळलेलं असायचं. कारखानदार असलाच तर तो पहिल्या प्रकरणात मरायचा आणि त्याच्या इस्टेटीवरून पुढची दीडशे पानं चालायची. त्याच्या कारखान्यात नेमकं काय बनत होतं, बनत होतं की नुसतं दाखवत होते, हे कुणी विचारायचं नाही. मला मात्र तेवढंच विचारायचं होतं.

याला कारण आहे. नव्वदच्या सुमाराला मी सदाशिव पेठेत एका सीएंकडे आर्टिकलशिप, म्हणजे हाताखालची उमेदवारी, करत होते. सीए काही झाले नाही. इंटर दोनदा देऊन नाद सोडला आणि पुढची नोकरी एका कॉलेजच्या हिशेब खात्यात केली. पण ती तीन वर्षं अंगात मुरली. व्हाउचरच्या फायलींची धूळ, हिरव्या शाईच्या टिकमार्काच्या खुणा, उन्हाळ्यात कंपनीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलेले आम्ही दोघं-तिघं, आणि आम्ही आल्यावर त्या खोलीतलं बोलणं एकदम हवापाण्यावर येणं. कंपनीतल्या माणसांना ऑडिटची पोरं म्हणजे सासरची माणसं वाटतात. चहा-बिस्कीट भरपूर, बाकी सगळं झाकून.

त्यातूनच 'लखोटा' ही कथा आली. तिच्यातली मेख समजायला कन्फर्मेशन म्हणजे काय ते सांगायला हवं. कंपनीच्या वह्यांत लिहिलेलं असतं की अमुक बँकेत आमची इतक्या रुपयांची ठेव आहे. ऑडिटर ते तसंच मानत नाही, मानू नये. त्यानं बँकेला पत्र पाठवून विचारायचं आणि बँकेनं ऑडिटरलाच उलट टपाली कळवायचं, अशी पद्धत. आमचे सर या एका गोष्टीवर हटून बसायचे. "पत्र आपल्या पत्त्यावर आलं पाहिजे. मधे कंपनीच्या माणसाचा हात लागला की ते पत्र नाही, चिठ्ठी." एरवी सर तसे बरेच कानाडोळे करणारे होते. पण लखोट्याच्या बाबतीत सोवळं कडक.

माझ्या कथेतल्या कंपनीत नामदेव नावाचा शिपाई आहे. दर एप्रिलमध्ये तो ऑडिटरचं पत्र घेऊन बँकेत जातो आणि शिक्क्याचं उत्तर घेऊन येतो. सगळे खूश. एका वर्षी एक नवी आर्टिकल मुलगी पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, तपासत बसते. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून नव्यांना देतात. तिला नामदेवाचं बसभाड्याचं व्हाउचर सापडतं. स्वारगेट ते आप्पा बळवंत चौक, जाऊन-येऊन. आणि बँक आहे कॅम्पात. आप्पा बळवंत चौकात पुस्तकं मिळतात, लग्नपत्रिका मिळतात, लेटरहेड छापून मिळतात. ठेवी मिळत नाहीत.

एवढीच कथा. नामदेवाला इंग्रजी वाचता येत नाही. तो साहेबांनी सांगितलेल्या छापखान्यात जातो, कागद आणतो आणि प्रामाणिक असल्यामुळे प्रवासखर्च अगदी खरा लिहितो.

संपादकांना हे अतर्क्य वाटलं. इतकी मोठी कंपनी, इतके मोठे ऑडिटर, आणि बँकेत पैसे आहेत की नाहीत हे कळत नाही? मी त्यांना 7 जानेवारी 2009 ची आठवण करून दिली. त्या दिवशी हैदराबादच्या 'सत्यम' या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं पत्र बाहेर आलं. वह्यांत रोख आणि बँकेतली शिल्लक दाखवली होती 5,361 कोटी रुपये. त्यातले 5,040 कोटी नव्हतेच. म्हणजे होते किती, ते वजाबाकी करून बघा. 321 कोटी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ उघडली तर आत वाटाणे-फुटाणेसुद्धा मोजून होते. आणि अमेरिकेच्या बाजार नियामकानं 2011 मध्ये ऑडिटर फर्मवर ठपका ठेवला तो नेमका कशाबद्दल? बँकांकडून कन्फर्मेशन मिळवण्याचं काम ऑडिटरांनी स्वतःच्या हातात ठेवलं नाही, कंपनीवर सोपवलं, याबद्दल. आमचे सर तेव्हा हयात नव्हते. असते तर त्यांनी तो पेपर ऑफिसात फ्रेम करून लावला असता.

खऱ्या गोष्टीत असे काही तपशील असतात की कथेत घातले तर लेखिकेला अतिशयोक्तीची खोड आहे म्हणतील. 'सत्यम'ची इंग्रजी अक्षरं उलटीकडून वाचली की 'मेटास' होतं. ती राजू कुटुंबाच्या कंपन्यांची नावं. डिसेंबर 2008 मध्ये 'सत्यम'नं 1.6 अब्ज डॉलर देऊन या दोन मेटास कंपन्या विकत घ्यायचं जाहीर केलं, गुंतवणूकदार खवळले, आणि काही तासांत बेत मागे घेतला. नसलेल्या पैशांच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, असं राजूंनी नंतर पत्रात लिहिलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीला उत्तम कारभाराबद्दल 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला होता. नंतर तो काढून घेतला. मी हे कथेत घातलं असतं तर संपादकांनी लाल रेघ मारून बाजूला लिहिलं असतं, 'फार होतंय'.

तर 'लखोटा' छापून आली, प्रेताशिवाय. मला वाटलं, संपलं.

पण नामदेव सोडेना. त्याला काय माहीत होतं, किती माहीत होतं? चार-पाच वर्षं एकाच छापखान्यातून 'बँकेचा कागद' आणणाऱ्या माणसाला काहीच वाटलं नसेल? म्हणून दुसरी कथा त्याच्या बाजूनं लिहिली. ती लिहिताना छापखान्यातला खिळे जुळवणारा कंपोझिटर बोलायला लागला. त्याला तर अक्षर न् अक्षर माहीत, पण तो म्हणतो, आम्ही लग्नपत्रिका छापतो तेव्हा नवरा-नवरीची पसंती विचारतो का? तिसरी कथा त्याची. चौथी बँकेतल्या एका कारकुनाची, ज्याला चुकून एकदा खऱ्या ऑडिटरचा फोन येतो. पाचवी साहेबांच्या ड्रायव्हरची. ड्रायव्हरला जेवढं माहीत असतं तेवढं संचालक मंडळालाही नसतं, मागच्या सीटवरचे लोक तो बहिरा आहे असं समजून बोलतात. सहावी साहेबांच्या सेक्रेटरीची.

सहा कथा झाल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की ही कादंबरी का होत नाहीये. कादंबरीला सगळं माहीत असणारा कुणीतरी लागतो. इथे तसा कुणी नव्हताच. वाड्याच्या गोष्टीत गुपित एका ठिकाणी असतं, तळघरात किंवा म्हाताऱ्याच्या उशीखाली. कंपनीचं गुपित पगारासारखं वाटून दिलेलं असतं. प्रत्येकाच्या वाट्याला इतका लहान तुकडा येतो की तो खिशात ठेवून माणूस घरी जातो, भाजी घेतो, मुलांचा अभ्यास घेतो. त्यामुळे 'कुणी केलं' या प्रश्नात मला फारसा थरार वाटेना. थरार आहे तो आधी कोण बोलणार, यात.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं प्रकरण मी याच सुमाराला पुन्हा वाचून काढलं. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला सांगितलं की सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढता येतील. मुंबईतल्या शाखांसमोरच्या त्या रांगा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पण माझं डोकं अडकलं ते दुसऱ्याच एका आकड्यात. बँकेनं दिलेल्या कर्जांपैकी जवळजवळ 73 टक्के एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे होती, आणि बुडीत चाललेली 44 कर्जखाती लपवायला 21,049 बनावट खाती दाखवली होती, असं पोलिसांतल्या तक्रारीत म्हटलं होतं. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत उघडलेलीच नव्हती. फक्त रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत होती.

एकवीस हजार एकोणपन्नास. हा आकडा एकदा मोठ्यानं म्हणून बघा. मी हिशेबखात्यात आयुष्य काढलंय, म्हणून माझ्या मनात पहिला प्रश्न आला, टायपिंग कुणी केलं? एवढ्या ओळी कुठल्याही अध्यक्षानं स्वतःच्या हातानं भरल्या नसणार. कुणीतरी त्या यादीला नावं पुरवली असतील, रकमा अशा बेतानं टाकल्या असतील की कुठलीच डोळ्यात भरू नये, आणि एक्सेलची पट्टी खाली ओढताना बोट दुखलं असेल. हे माझं अनुमान, पण माझी सातवी कथा या बोटाची आहे. तिच्यात एक बाई आहे जी खोट्या कर्जदारांना आपल्या माहेरच्या गावातली आडनावं देते, कारण दुपारी तीनपर्यंत तिला दुसरं काही सुचत नाही.

मग मला शब्दांचा नाद लागला. लबाडी आपल्या नावानं कधी ऑफिसात येत नाही. आमच्या वेळी 'अ‍ॅडजस्टमेंट' होती, 'वरून आलंय' होतं, 'मार्चपुरतं' होतं. 'मार्चपुरतं' हा तर मला मराठीतला सगळ्यात भयंकर शब्द वाटतो, कारण तो पुढच्या मार्चपर्यंत टिकतो.

रोज सकाळी मी वेताळ टेकडीवर फिरायला जाते. कोथरूडकडच्या बाजूला लोक तिला एआरएआयची टेकडी म्हणतात, वाहनांची चाचणी करणारी ती संस्था तिथे आहे म्हणून. कित्येक वर्षं मला ते फक्त एक कुंपण होतं, ज्याच्या बाजूनं मोर दिसतात. मग 2015 मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण फुटलं. जगभरात 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं, जे गाडी प्रयोगशाळेत आहे की रस्त्यावर हे ओळखायचं. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे परीक्षा चालू आहे. मग गाडी शहाण्या मुलासारखी स्वच्छ धूर सोडायची आणि बाहेर पडली की मोकाट. हे उजेडात आलं ते अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटामुळे, ज्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय तरुण होते. ते काही कुणाला पकडायला निघाले नव्हते. डिझेल गाड्या रस्त्यावर किती स्वच्छ चालतात हे मोजायला त्यांनी डिकीत यंत्रं कोंबून कॅलिफोर्नियात गाड्या पळवल्या, आणि आकडे काही केल्या जुळेनात. आधी त्यांना आपलंच मोजमाप चुकल्यासारखं वाटलं. हे मला फार ओळखीचं आहे. ट्रायल बॅलन्स, म्हणजे जमा-नावेचा तक्ता, जुळला नाही की आर्टिकल पोरं आधी स्वतःलाच शिव्या देतात.

भारतातल्या गाड्यांची तपासणी याच एआरएआयनं केली आणि 2015 च्या डिसेंबरात फोक्सवॅगननं इथल्या 3,23,700 गाड्या परत बोलावल्या. पण मला सांगायचंय ते वेगळंच. कंपनीच्या आत त्या सॉफ्टवेअरला 'अकूस्टिक फंक्शन' म्हणत. आवाजाशी संबंधित काहीतरी. ऐकायला किती निरुपद्रवी! एखाद्या नव्या इंजिनिअरनं फायलीत हे नाव वाचलं असेल तर त्याला वाटलं असेल की गाडीची घरघर कमी करायची सोय असावी. नाव चांगलं ठेवलं की गुपिताला लपवावं लागत नाही, ते टेबलावर उघडं पडून राहतं. त्याच्या अगदी उलट जात म्हणजे 1935 मधलं एक पत्र. अ‍ॅस्बेस्टॉस या, धूळ फुफ्फुसात गेली की घात करणाऱ्या, खनिजाची उत्पादनं करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीचे अध्यक्ष सम्नर सिम्प्सन यांनी दुसऱ्या कंपनीच्या वकिलाला लिहिलं होतं की अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं आपल्या भल्याचं. तो कागद चाळीसेक वर्षांनी कोर्टकचेरीत बाहेर आला. तोवर कामगारांच्या फुफ्फुसांनी सगळं सांगून झालं होतं. मला त्या अध्यक्षांपेक्षा त्यांच्या टायपिस्टबद्दल जास्त कुतूहल आहे. तिनं ते वाक्य टाइप केलं, कार्बन कॉपी काढली आणि फायलीला लावली. पुराव्याचे बहुतेक कागद असेच टिकतात, कुणीतरी आपलं काम नीट केलं म्हणून.

लोभाबद्दल मात्र मला लिहायला जमलं नाही हे कबूल करते. खूप प्रयत्न केला. साहेबांना सोन्याचं घड्याळ घातलं, अलिबागला बंगला दिला, सगळं खोटं वाटायला लागलं. राजूंचं पत्र पुन्हा वाचलं तर त्यात हाव कुठे दिसत नाही, दिसते ती भीती. खरा नफा आणि दाखवलेला नफा यांत सुरुवातीला अगदी थोडं अंतर होतं, ते वाढत गेलं, असं ते लिहितात. किती वाढलं? सप्टेंबर 2008 च्या तिमाहीत दाखवलेला कार्यकारी नफा 649 कोटी, खरा 61 कोटी. उत्पन्नाच्या टक्क्यांत 24 आणि 3. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, की हे वाघावर बसण्यासारखं होतं, खाल्ल्या जाण्यावाचून उतरायचं कसं हे कळत नव्हतं. 2015 मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयानं त्यांच्यासह दहा जणांना दोषी ठरवलं. वाक्य चांगलं आहे, पण माझ्या कथेतल्या ड्रायव्हरनं ते वाचलं असतं तर तो म्हणाला असता, साहेब, वाघावर तुम्ही एकटे कुठे होतात, आम्ही सगळेच मागे बसलो होतो ना.

संपादकांच्या प्रेताचं राहिलंच. ते मी शेवटी दिलं नाही, पण फोनवर त्यांना भोपाळ म्हटलं आणि ते गप्प झाले. भोपाळमध्ये रहस्यकथेचा कुठलाच नियम चालत नाही. कारण सगळं आधी छापून आलं होतं. राजकुमार केसवानी नावाच्या पत्रकारानं 1982 मध्येच आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात लिहिलं होतं, 'बचाइए हुजूर, इस शहर को बचाइए'. त्याच वर्षी युनियन कार्बाइड कंपनीच्या अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकानं कारखान्यातल्या उणिवा लिहून दिल्या होत्या. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री टाकीतलं विषारी रसायन थंड ठेवायची यंत्रणा बंद होती, कित्येक महिन्यांपासून. अशा ठिकाणी लेखकानं काय लपवायचं? मी भोपाळवर कथा लिहिली नाही, लिहिणारही नाही. माझा तेवढा वकूब नाही.

आता आठवी कथा. ही मी दोन वर्षं टाळतेय.

1991 चा मार्च. पुण्याबाहेरच्या एका एमआयडीसीतली रसायनांची कंपनी. 31 तारखेला स्टॉक मोजायला मला पाठवलं. मी एकवीस वर्षांची, हातात क्लिपबोर्ड, पायात नवी चप्पल. गोदामात दोनशे लिटरची लोखंडी पिंपं भिंतीपर्यंत रांगांनी लावलेली. स्टोअरकीपर पन्नाशीचे, मार्च असूनही डोक्याला मफलर. ते म्हणाले, पुढची रांग मोजा बाई, आडव्या रांगा किती ते मी सांगतो, गुणाकार करा. मी तेच करत होते. मग का कोण जाणे, बाजूच्या फटीतून आत शिरले आणि तिसऱ्या रांगेतल्या एका पिंपावर पेनानं टिचकी मारली.

पुढच्या रांगेतलं पिंप धप्प वाजायचं. हे टण्ण वाजलं.

मी शेजारच्यावर मारली. टण्ण. फटीतून बाहेर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते. रागानं नाही. एस.टी. यायची वाट बघावी तसे. मग म्हणाले, "चहा सांगितलाय. निवेल."

मी चहा प्यायले. तक्त्यात त्यांनी सांगितलेला गुणाकार लिहिला. सरांना सांगितलं की मागच्या रांगांपर्यंत नीट पोचता येत नव्हतं, जागा अरुंद आहे. यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे त्या कंपनीच्या ताळेबंदात साठ्याच्या रकमेसमोर छापलं गेलं, 'व्यवस्थापनाने मोजल्याप्रमाणे, मूल्य ठरवल्याप्रमाणे व प्रमाणित केल्याप्रमाणे'. तेव्हा सगळ्याच कंपन्यांच्या ताळेबंदात हे असायचं. त्या वाक्यात मी कुठेच नाही, हे मला तेव्हा फार सोयीचं वाटलं होतं.

काही घडलं नाही त्यानंतर. कंपनी बुडाली नाही, पेपरात आलं नाही. कदाचित ती परत पाठवायची रिकामी पिंपंच असतील आणि त्यांनी गुणाकारात धरलीही नसतील. मी विचारलं असतं तर कळलं असतं.

ही कथा मी त्या मुलीच्या बाजूनं लिहायला घेतली आणि चार वेळा फाडली. ती फारच शहाणी होत होती. म्हणून आता स्टोअरकीपरच्या बाजूनं लिहितेय. त्यांची कितवी तरी 31 मार्च. दरवर्षी कुणीतरी पोरगं येतं, पुढची रांग मोजतं, जातं. या वर्षी एक मुलगी फटीत शिरते आणि त्यांना टिचकी ऐकू येते. एकदा. मग परत एकदा. ते मफलर जरा सैल करतात. आता ही विचारणार. विचारलं तर काय सांगायचं ते त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी मनात जुळवून ठेवलंय, एक वाक्य आहे, फार मोठं नाही.

इथपर्यंत लिहून होतं. मग दर वेळी पोरगा चहा घेऊन येतो आणि कथा तिथेच अडते.